कॅम्परव्हॅनमधली शाळा: आधी किलोमीटर कमी करा

ठाण्याच्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. डिसेंबर-जानेवारीत पाच आठवडे भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन रेवसपासून रेडीपर्यंत कोकणच्या किनाऱ्याकिनाऱ्याने जायचं आहे. मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. शाळा बुडेल, पण अभ्यास बुडू द्यायचा नाही. रोज दीडशे-दोनशे किलोमीटर प्रवास आणि रोज पाच तास अभ्यास असं वेळापत्रक त्यांनी आखलंय. ते जमेल का?

नाही जमणार. आणि याचं कारण मुलं नसून ते दीडशे किलोमीटर आहेत.

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवायचे. गेले नऊ हिवाळे आम्ही जुन्या ट्रॅव्हलर मिनीबसची केलेली घरगाडी घेऊन बाहेर पडतो. यजमानांना तीन आठवड्यांच्यावर रजा मिळत नाही, तेव्हा उरलेले दिवस स्टिअरिंगवर मी आणि बाजूला सासूबाई. पहिल्या वर्षी आमचंही वेळापत्रक तुमच्यासारखंच होतं, रंगीत पेनांनी आखलेलं. चौथ्या दिवशी ते सासूबाईंनी जाळात घातलं, म्हणजे खरोखरच घातलं, बंब पेटत नव्हता म्हणून.

हिशेब साधा आहे. सागरी रस्त्यावर या आकाराच्या गाडीला तासाला पंचवीस-तीस किलोमीटरपेक्षा जास्त वेग धरू नका. गावातल्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी जांभ्याचे गडगे, समोरून एसटी, वरून विजेच्या तारा आणि वाकलेले माड. म्हणजे दीडशे किलोमीटरला सहा तास, त्यात खाडी आली की फेरीबोटीची वाट बघणं. संध्याकाळी पाचला नव्या गावात पोचायचं, जागा शोधायची, पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा. यात पाच तास अभ्यास कुठून आणणार? मग तो चालत्या गाडीत होतो. चालत्या गाडीत वाचलं की मुलांना गाडी लागते. आमच्या धाकट्याने भूगोलाच्या पुस्तकावर जे केलं ते इथे लिहीत नाही. आवळासुपारी, आलेपाक हे उपाय चालतात, पण खरा उपाय म्हणजे गाडी चालू असताना पुस्तक बंद. मुलं सीटवर, पट्टा लावून. बंकवर लोळत प्रवास तर अजिबात नको.

रेवस ते रेडी हे अंतर मुळात पाचशे किलोमीटरच्या आसपास धरा, रोज दीडशेने ते चौथ्या दिवशीच संपेल. तुमच्याकडे पस्तीस दिवस आहेत. अकरा मुक्काम, प्रत्येकी तीन रात्री, म्हणजे तेहेतीस रात्री झाल्या. उरलेल्या दोन दिवसांत महामार्गाने परत. दोन मुक्कामांमध्ये पन्नास किलोमीटर पडतात. तीन दिवसांतून एकदाच प्रवास, तोही अभ्यास आणि न्याहारी उरकून निघायचं आणि जेवायला पोचायचं. बाकीचे दोन दिवस गाडी हलवायचीच नाही. तीन रात्री राहिलं की दुसऱ्या दिवशी मुलांना गाव कळतं आणि तिसऱ्या दिवशी गावाला मुलं कळतात. आमच्या घरात जे काही शिकून झालंय, ते बहुतेक तिसऱ्या दिवशी.

शाळेच्या रजेचं बोलते. तुमची मुलं पटावर आहेत, त्यामुळे ही घरशाळा नाही, लांबलेली रजा आहे. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, परत येण्याची तारीख घाला, त्या पाच आठवड्यांत कोणते धडे होणार आणि चाचणी कधी आहे हे वर्गशिक्षकांकडून लिहून घ्या. तिसरी आणि सातवी ही वर्षं त्यातल्या त्यात सोयीची. पाचवी-आठवीला आता वार्षिक परीक्षा असते, त्या वर्षी मी जाणार नाही. शाळा कायमची सोडून घरी शिकवायचं असेल तर प्रश्न वेगळा. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात घरशाळेला सरळ मान्यता नाही आणि सरळ बंदीही नाही. तो रस्ता धरणारे बहुतेक पालक पुढे मुक्त विद्यालयाकडे वळतात. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची दहावी देण्यासाठी वय किमान चौदा लागतं. त्याआधीच्या ए, बी, सी या पातळ्या तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीच्या. तुम्हाला त्याची आत्ता गरज नाही.

अभ्यास किती? रोज सकाळी दोन तास. साडेसात ते साडेनऊ, ऊन चढण्याआधी, गाडीबाहेर, घडीच्या टेबलावर. गणित रोज, लिहिणं रोज, बाकीचे विषय आलटूनपालटून. दोन मुलांना दोन तास म्हणजे वर्गातल्या पाच तासांपेक्षा जास्तच होतात. चाळीस मुलांच्या वर्गात एका मुलाच्या वाट्याला शिक्षक किती येतो हे मी खुर्चीच्या त्या बाजूने बघितलंय. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती घरीच उतरवून घ्या आणि लागणारी पानं छापून न्या. कोकणात रेंज टेकडीवर असते आणि तुम्ही बंदरावर असता. ऑनलाइन शिकवणीवर विसंबून निघू नका.

दोन तास संपले की संपले. त्यानंतर प्रत्येक दगडाचा धडा करू नका. हा रोग मलाही होता. मुलगी शिंपले वेचत होती आणि मी तिला मृदुकाय प्राण्यांचं वर्गीकरण विचारलं. तिने शिंपले पाण्यात टाकले आणि गाडीत जाऊन बसली. त्या दिवसापासून नियम केला: मूल विचारेल तेव्हा सांगायचं, नाहीतर गप्प बसायचं. मात्र मुलांना खरं काम द्यायचं.

खरं काम म्हणजे काय, ते भरतीच्या उदाहरणाने सांगते, कारण आमच्याकडे त्यातून सगळ्यात जास्त गणित झालंय. चार खाड्यांवर तुम्हाला फेरीबोट लागेल: आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड. कारला काही अडचण नसते. आपल्या गाडीचा मागचा भाग चाकांपलीकडे बराच लांब असतो. पूर्ण ओहोटीला धक्का आणि बोट यांच्या पातळीत फरक पडतो, उतार खडा होतो आणि गाडीचं शेपूट घासतं. आमचा सांडपाण्याचा नळ असाच एकदा तुटला. तेव्हापासून भरतीच्या आगेमागे पोचायचं, आणि ती वेळ काढायची जबाबदारी मुलांची.

सासूबाई गुहागरकडच्या. त्यांनी मुलांना त्यांच्या माहेरचा आडाखा दिला: तिथीला तीनाने गुणा, चाराने भागा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. धाकट्याला चारचा पाढा आणि पाव-अर्धा-पाऊण यातच पक्के झाले. मोठीने वहीत तीन रकाने आखले: तिथी, आडाख्याची वेळ, प्रत्यक्ष वेळ. किनाऱ्यावर काठी रोवून पाणी कधी मागे फिरतं ते बघायचं. हरिहरेश्वरला सुरुवातीच्या तिथींना हिशेब बऱ्यापैकी जुळला, पौर्णिमेकडे सरकलो तसा चुकायला लागला. आडाखा म्हणतो सव्वाअकरा, पाणी मात्र त्यानंतरही चढतंच आहे.

का चुकतो, यावर ती दोन दिवस बसली होती. पंधरा तिथींत भरती घड्याळाचा बारा तासांचा फेरा पूर्ण करते. बारा तास भागिले पंधरा म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं. आडाखा धरतो पाऊण तास, म्हणजे पंचेचाळीस. रोजची तीन मिनिटं कुणाच्या लक्षात येत नाहीत, पण पंधराव्या तिथीला त्यांची पाऊण तास होतात. आजीचा आडाखा चुकीचा नव्हता, तोंडी करायला सोपा केलेला होता. तेव्हा सातवीत असलेल्या आमच्या मुलीला हे स्वतःहून सापडलं, आणि आसन्न, म्हणजे जवळपासची, किंमत आणि चूक यावर मला पुढे एक वाक्यही बोलावं लागलं नाही.

पुढे मालवणला आणखी गंमत. तिथे पाणी हिशेबापेक्षा लवकर यायला लागलं, आणि चढायचंही कमी. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर भरती दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकते, म्हणून गोवा-मालवणला ती मुंबईच्या आधी पोचते. आणि उत्तरेकडे जावं तशी पाण्याची चढउतार वाढत जाते. हे मी सांगितलं खरं, पण त्यांनी विचारल्यावर. उधाण (मोठी भरती) आणि भांग (लहान भरती) हे शब्द त्यांना एका मच्छीमाराने दिले, मी नाही.

खऱ्या कामाची दुसरी जागा राजापूर-रत्नागिरीचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. नाताळ ते एक जानेवारी हे दिवस अलिबाग, दापोली, तारकर्ली इथे किनाऱ्यावर काढू नका. गाडी वळवायलाही जागा मिळणार नाही, अभ्यास दूरच. त्या आठवड्यात वर सड्यावर जा, कातळशिल्पं बघा. उक्षी, देवाचे गोठणे, बारसू, कशेळी. २०२२ मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, तरी गर्दी नसते. कशेळीच्या हत्तीची आकृती साधारण अठरा मीटर लांब आणि तेरा मीटर रुंद, आणि त्याच्या पोटात मासे, पक्षी, जनावरं कोरलेली. जवळ उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेषा दिसतात. मुलांना सुतळी, मोजपट्टी आणि आलेखाचा कागद द्या, एक सेंटिमीटरला एक मीटर. कडेने चालत मोजत गेलं की कागदावर हळूहळू हत्ती उमटतो. तिसरीतल्या मुलाला प्रमाण म्हणजे काय हे यापेक्षा चांगलं कसं सांगणार? देवाचे गोठणेला साधं होकायंत्र घेऊन जा; तिथल्या माणसाच्या आकृतीजवळ सुई भरकटते. शिल्पावर पाय द्यायचा नाही, पाणी ओतून रेषा उठवायच्या नाहीत. बऱ्याच ठिकाणी जमीन खाजगी आहे, आधी वाडीत विचारायचं.

विजयदुर्गला इतिहासाचा तास होईल, पण थोडा वेगळा. तिथे ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि सांगतात की इथे बसून लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने सूर्यग्रहणात हेलियम शोधला. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण खरं, ते कोकणावरून गेलं हेही खरं. पण त्या दिवशी गुंटूरला निरीक्षण करत होता तो फ्रान्सचा जान्सेन. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली ती पिवळी रेषा नंतर ऑक्टोबरमध्ये पाहिली, ग्रहणाशिवाय, आणि तीही इंग्लंडात बसून. पृथ्वीवर हेलियम सापडायला १८९५ उजाडावं लागलं. आमच्या मोठीला हे कळलं तेव्हा ती गाइडशी भांडायला निघाली होती. तिला थांबवलं आणि वहीत दोन बाजू लिहायला सांगितलं: इथे काय सांगतात, आणि पुस्तकं काय सांगतात. ओटे आहेत हे कुणीच नाकारत नाही, मग ते कुणासाठी बांधले असतील? तो प्रश्न तिच्या वहीत अजून तसाच आहे.

वेळासला कासवाची पिल्लं बघायला म्हणून मुलांना आशा लावू नका. ती फेब्रुवारीच्या पुढे. त्याऐवजी संध्याकाळी हर्णैचा मासळीचा लिलाव बघा. आणि मालवणच्या बाजूला पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढतात तिथे उभे राहा. मुलांना दोर धरू देतात. मग वाळूवर मासळीचे वाटे पडतात; अपूर्णांक मला जन्मात इतके चांगले शिकवता आले नसते. सिंधुदुर्ग किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. चारी बाजूंनी समुद्र आणि मध्ये गोडं पाणी, हे कसं, एवढंच विचारा आणि उत्तरासाठी चार दिवस थांबा.

आता गाडी. भाड्याने घेताना आधी आरसी बुक मागा. त्यावर कॅम्पर व्हॅन किंवा मोटर कॅरव्हॅन असं लिहिलेलं हवं. साध्या टेम्पोत पलंग टाकून भाड्याने देणारे आहेत. आरटीओच्या मंजुरीशिवाय केलेला बदल अपघाताच्या वेळी विम्यात नडतो. साडेसात टनांच्या आतल्या गाडीला तुमचा कारचाच परवाना चालतो, पण चालवण्याची सवय वेगळी. गाडीची उंची इंचापर्यंत मोजा आणि ती चिठ्ठी काचेवर डोळ्यांसमोर चिकटवा. आमची नऊ फूट चार इंच आहे. नऊ फूट दोन इंचाची एक कमान गुहागरकडे आहे, हे आम्हाला चिठ्ठीआधी कळलं.

पाण्याची टाकी शंभर लिटरची असेल तर ती चौघांना दीड दिवस पुरते, अंघोळी बाहेर केल्या तर तीन. विजेचा हिशेब मुलीकडून करून घ्या: बारा व्होल्टची दोनशे अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे चोवीसशे वॅट-तास, त्यातले पाच-सहाशे फ्रीज खातो, उरलेल्यात पंखे, दिवे, लॅपटॉप. एसी त्यावर रात्रभर चालणार नाही, आणि या दिवसांत लागतही नाही. गाडीला लागून जनरेटर चालवून आत झोपायचं नाही, शेगडी पेटती ठेवून तर नाहीच. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे कॅरव्हॅनमध्ये झोपलेले दोघे कार्बन मोनॉक्साइडने गेले. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म भाड्याच्या गाडीत नसेल तर विकत घ्या, घासाघीस करू नका.

मुक्कामाला जागा कुठली? एमटीडीसीची, म्हणजे राज्य पर्यटन महामंडळाची, निवासस्थानं गणपतीपुळे, वेळणेश्वर, हरिहरेश्वर, तारकर्लीला आहेत. आवारात गाडी लावू देतील का ते आधी फोनवर ठरवा. आमचा अनुभव असा की घरगुती राहण्याजेवणाची सोय करणाऱ्यांचं अंगण सगळ्यात उत्तम. खोली नको, अंगणात गाडी लावतो, न्हाणीघर वापरू द्या आणि एक वेळ जेवण तुमच्याकडे, असं सांगितलं की बहुतेक हो म्हणतात. पाच-सातशे रुपये आणि जेवणाचे वेगळे. घासाघीस इथेही नको. संडासची पेटी फक्त शोषखड्डा असलेल्या संडासात, विचारून रिकामी करायची. सांडपाण्याला वेगळा कॅन. तो माडाच्या आळ्यात ओतायचा असेल तर साबण कमी वापरा आणि घरच्यांना विचारा. खाडीत काहीही नाही.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, गाडी उतरवायची नाही. समोर दुसरी गाडी दिसली तरी नाही. पाचव्या वर्षी, अक्कल आली असं वाटत असताना, मीच उतरवली. मागची चाकं रुतली आणि त्या दिवशी पंचमी होती, म्हणजे पावणेचारला भरती. घड्याळात अडीच वाजले होते. धाकट्यानेच ते मोजून सांगितलं आणि मला पहिल्यांदा त्या आडाख्याचा राग आला. मच्छीमारांनी चाकांतली हवा निम्मी करायला लावली, झावळ्या टाकल्या आणि पंधरा जणांनी ढकललं. चहाचे पैसेसुद्धा घेतले नाहीत. पण संध्याकाळी त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने मुलांसमोर मला जे ऐकवलं, ते मी कुठल्याही पालकसभेत ऐकलेलं नाही.

तिसरीतल्या मुलासाठी एक सांगायचं राहिलं. त्याला खर्चाची वही द्या: डिझेल, भाजी, बोटीचं तिकीट, अंगणाचं भाडं. रोज संध्याकाळी बेरीज आणि शिल्लक. पहिला आठवडा चुकेल, दुसऱ्या आठवड्यात तुमच्या आइस्क्रीमवर हरकत घेईल. मोठीला रोज एक पान लिहायला लावा, पण ते तपासू नका. लाल पेन घरी ठेवून जा. त्या पानांत आमच्या मुलीने चिपळूणकडचे, रत्नागिरीकडचे आणि मालवणीतले शब्द वेगवेगळ्या शाईने नोंदवले होते. मला ते दोन वर्षांनी कळलं.

मुलं कंटाळतील. नवव्या-दहाव्या दिवशी दोघं भांडतील, एखादा दिवस अभ्यास होणारच नाही, तुम्ही दोघंही एकमेकांवर खेकसाल, कारण चार माणसं आणि एक दार. त्या दिवशी गाडी सोडून जवळच्या गावात एक खोली घ्या आणि चार भिंतींत झोपा. पस्तीस दिवसांत अशा दोन रात्रींचे पैसे आधीच बाजूला ठेवा.

आणि गाडी ताब्यात आली की लगेच अलिबागचा रस्ता धरू नका. पहिली रात्र सोसायटीच्या आवारातच काढा. गाडीत स्वयंपाक करा, गाडीत झोपा, सकाळचे दोन तास तिथेच करून बघा. उशी हवी होती, चिमटा राहिला, पंप वाजतो, मधलं दिव्याचं बटण सापडत नाही, हे सगळं त्या रात्री कळेल आणि घर दोन मजले वर असेल. वॉचमनला मात्र आधी सांगून ठेवा.